समुद्रापलीकडे लावलेलं कलम

आमच्या सरांनी एका परक्या देशाच्या घटनेतलं एक कलम लिहिलं होतं, असं मी कोल्हापुरात कुणाला सांगितलं की माणूस आधी हसतो. मग माझ्या तोंडाकडे बघतो आणि गप्प होतो, कारण मी हसत नसते.

सर आम्हाला विधी महाविद्यालयात घटना शिकवायचे. राहायला मंगळवार पेठेत, एका दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर, भाड्यानं. खाली सायकलचं दुकान. मूळ गाव गारगोटीच्या पलीकडचं, आणि बोलणं कायम त्या गावचंच राहिलं. इंग्रजी निकालपत्र वाचायला लागले की अर्ध्या पानाची वाक्यं एका दमात, कुठंही न अडखळता वाचत; पूर्णविराम आला की चष्मा कपाळावर सरकवून म्हणत, "आता ह्यो बाबा काय म्हणतोय, बगूया." नव्या मुलांना वाटायचं, दोन वेगळी माणसं आळीपाळीनं बोलताहेत.

कुठलंही निकालपत्र हातात आलं की सर ते शेवटाकडून उघडत. पाच न्यायाधीशांपैकी एकानं वेगळं मत दिलं असेल तर त्या एकट्याचं आधी. "जिकलेल्याचं कुणीबी वाचतंय. हरलेल्याचं आधी वाचायचं. बाकीच्यास्नी दिसलं न्हाय असं त्येला काय दिसलंतं, ते बगायचं." ही सवय पुस्तकापुरती नव्हती. कुस्तीच्या मैदानात लोक जिंकलेल्या पैलवानाला खांद्यावर घेऊन नाचायचे, तेव्हा सर गर्दीतून वाट काढत हरलेल्याकडे जायचे आणि विचारायचे, "कुठं गावलास रं?" एकदा एका पैलवानानं त्यांना असं ढकललं की चष्मा मातीत गेला. सर चष्मा पुसत परत आले. म्हणाले, "बरोबर हाय त्येचं. मी जरा लवकर इचारलं."

पेपर तपासताना प्रत्येक मार्कामागचं कारण ते समासात लिहायचे, आणि कारण पटलं नाही तर त्यांच्याविरुद्ध अपील करता यायचं. अपील ऐकायला वर्गातलाच एखादा विद्यार्थी. सर त्याच्यापुढे प्रतिवादी म्हणून उभे राहायचे, हात मागे बांधून, "महाराज" म्हणत. एकदा माझ्या मैत्रिणीनं त्यांच्याविरुद्ध निकाल देऊन एका मुलाचे दोन मार्क वाढवले. सर इतके खूश झाले की त्या दिवशी सगळ्या वर्गाला मिसळ मिळाली.

पण सरांचं नाव निघालं की मला आधी आठवतो तो एक आठवडा.

आमचं पहिलं वर्ष. सोमवारी सर वर्गात आले आणि म्हणाले, "आज आपुन कायदा करायचा. मी मांडतो, तुमी मतं द्या. शेवटच्या दोन बाकांवर बसणाऱ्यांनी शनवारपातूर उभं राहून तास ऐकायचा. कोण कोण बाजूनं?"

हशा पिकला. हात वर गेले. माझाही गेला. मागच्या दोन बाकांवरची मुलंही हसतच होती. सरांनी हात मोजले आणि कायदा झाल्याचं जाहीर केलं.

"आता कुणाची तक्रार?"

मागून एक मुलगा उठला. तो रोज गडहिंग्लजहून पहाटेच्या एसटीनं यायचा. गाडी उशिरा पोचायची, म्हणून त्याला मागचंच बाक मिळायचं. तो म्हणाला, "सर, आमचा गुन्हा काय?"

"मला नको सांगूस. न्यायाधीशाला सांग." आणि सरांनी बोट माझ्याकडे केलं. "ऊठ पोरी. दे निकाल."

मी उठले. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, गंमत चाललीय. मी म्हणाले, "बहुमतानं झालंय सर. मी काय करणार?"

"निकाल मान्य," सर म्हणाले. "मागची मंडळी, उभं ऱ्हावा."

आणि ती मुलं खरंच उभी राहिली. सोमवारी, मंगळवारी, बुधवारी. सर फळ्याकडे तोंड करून नेहमीसारखे शिकवत राहिले. गुरुवारी तो गडहिंग्लजचा मुलगा भिंतीला टेकला आणि हळूच खाली बसला. सरांनी पाहिलं की नाही कोण जाणे, पण त्यांच्या आधी पुढच्या बाकांवरून आवाज आला, "ए, उभा ऱ्हा की! कायदा हाय!" मी दचकून बघितलं. ओरडणारी माझ्याच शेजारी बसलेली, माझ्या डब्यातलं रोज खाणारी मैत्रीण होती. तो मुलगा उठून उभा राहिला. मला मागे वळून बघवेना.

शनिवारी मी उभी राहिले. "सर, बास करा."

"का? कायदा हाय की."

"चुकीचा आहे."

"सोमवारी नव्हता?"

मला रडू फुटलं. सर बाकाजवळ आले. "बहुमत कवा दमत न्हाय, पोरी. उभा असतोय त्यो दमतोय. त्येनं कुणाकडं जायाचं, एवढाच ह्या विषयातला प्रश्न हाय. बाकी सगळं पाठांतर."

त्या दिवशी तास संपल्यावर सर त्या गडहिंग्लजच्या मुलाबरोबर स्टँडपर्यंत चालत गेले आणि एसटी सुटेपर्यंत खिडकीखाली उभे राहिले, असं नंतर कळलं. कुणाच्या तरी वडिलांनी तक्रार केली. प्राचार्यांनी सरांना बोलावून घेतलं. सरांनी लेखी माफी मागितली, आणि पुढच्या वर्षी नव्या मुलांबरोबर तेच पुन्हा केलं.

कायद्याच्या पुस्तकात या विषयाला न्यायालयीन पुनर्विलोकन असं जडशीळ नाव आहे. अर्थ सोपा. निवडून आलेल्या सरकारनं बहुमतानं केलेला कायदासुद्धा घटनेत बसत नसेल तर कोर्ट तो रद्द ठरवू शकतं. शिकवायला सुरुवात करताना सर विचारायचे, "ह्येचं गाव कुठलं?" हा प्रश्न ते कशालाही विचारायचे. मेसमध्ये बटाट्याला विचारायचे, चहाला विचारायचे. तांबड्या रश्शातली मिरचीसुद्धा समुद्रापलीकडून आलेली, हे ऐकून आमच्यातली दोन मुलं भांडायला उठली होती. मग सर सांगत. अमेरिकेच्या घटनेत हा अधिकार नीट लिहिलेलाच नाही, तिथल्या न्यायाधीशांनी तो घटनेतून वाचून काढला. इंग्रजांकडून आपण संसद घेतली, पण त्यांच्या कोर्टाला संसदेचा कायदा असा खोडता येत नाही. आपण मात्र तो अधिकार तेराव्या कलमात लिहूनच ठेवला. "आणि कलम म्हंजे काय? कायद्यातलंबी कलमच, आंब्याचंबी कलमच. फांदी दुसरीकडची, मूळ हितलं. आपल्याकडं धरलं."

"धरलं" म्हणताना त्यांचा चेहरा असा व्हायचा, जणू त्यांनी स्वतःच पाणी घातलं होतं.

सर निवृत्त झाले तोवर मी जिल्हा न्यायालयात वकिली करायला लागले होते. एके दिवशी त्यांचा फोन आला. "पोरी, मला एक मेल आलाय. एक देश म्हणतोय, आमची घटना लिवायला या. ह्यो लॉटरीवाला असणार. जरा येऊन बगून जा."

मी गेले. मेल खरा होता. समुद्रातला छोटासा देश. बरीच वर्षं एकाच माणसाची सत्ता, ती नुकतीच गेलेली. नवी घटना लिहायला समिती नेमली होती, आणि समितीत तिथल्या वरिष्ठ न्यायालयातल्या एक न्यायाधीश बाई होत्या. परदेशातून आणलेलं पुनर्विलोकन भारतात कसं रुजलं यावर सरांनी कधीतरी लिहिलेला लेख त्यांच्या वाचनात आला होता. सरांना बोलावण्याआधी त्यांना स्वतः येऊन आमची कोर्टं बघायची होती. सरांनी मेल माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर आत वळून ओरडले, "अगं, पावणं येणार हाईत!"

बाई दहा दिवस कोल्हापुरात होत्या. साठीच्या आसपासच्या, बारीक, आखूड केसांच्या. पहिल्याच दिवशी काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, त्यांना तांबडा रस्सा वाढला. बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. काकू घाबरल्या. बाईंनी डोळे पुसले आणि वाटी पुढे केली, अजून वाढा म्हणून.

एका सकाळी आम्ही त्यांना माझ्या कोर्टात नेलं. बाई मागच्या खुर्चीवर बसून बघत होत्या. एका प्रकरणात सरकारकडून कागद आले नव्हते, आणि न्यायाधीशांनी एका बड्या अधिकाऱ्याला जातीनं हजर राहायला सांगितलं होतं. अधिकारी घामाघूम होऊन आले, हातात फाइल. खुर्चीतला न्यायाधीश त्यांच्या मुलाच्या वयाचा. अधिकारी हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, माफी असावी. उद्यापर्यंत देतो."

बाईंनी माझा दंड घट्ट धरला. बाहेर आल्या आल्या त्यांनी सरांना इंग्रजीत विचारलं, "तो का घाबरला? या न्यायाधीशाकडे ना फौज, ना खजिना. तो का घाबरला?"

सर हसले. "सवय."

"ही सवय लागायला किती वर्षं गेली?"

"गेली असतील बरीच."

बाई म्हणाल्या, "आमच्याकडे न्यायाधीश अधिकाऱ्यासमोर असा उभा राहतो."

मला धक्का बसला होता. सर मात्र त्यांना चहा कुठला पाजायचा, या विचारात होते.

नंतर सर चार महिने त्या देशात राहून आले. येताना एक निळं पुस्तक आणलं. छापलेली घटना. त्यातलं एक पान त्यांनी दुमडून ठेवलं होतं. खालच्या सायकलवाल्याला, मिसळवाल्याला, रिक्षावाल्यालासुद्धा ते पान दाखवायचे. सायकलवाला म्हणाला, "ह्यात तुमचं नाव कुठं हाय?" सर म्हणाले, "नाव नसतंय रं. कलम हाय." कलम चार ओळींचं होतं. संसदेनं केलेला कुठलाही कायदा घटनेच्या विरुद्ध असेल तर न्यायालय तो त्याच क्षणी रद्द ठरवील, आणि कुणीही नागरिक त्यासाठी अर्ज करू शकेल. काकू मला म्हणाल्या, "जाताना दोन शर्ट न्हेलते, येतानाबी दोनच. देशाची घटना लिवून आलं माणूस!" पण त्यांच्या आवाजात कौतुक होतं.

तीन वर्षं सरळ गेली. त्या देशात निवडणूक झाली, नवं सरकार आलं. मग त्या सरकारनं एक कायदा केला. उत्तरेच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमार गावांतल्या लोकांचं घर पक्कं नाही, ते होडीबरोबर फिरतात, असं कारण दाखवून त्यांची नावं मतदारयादीतून काढली. ती गावं सरकारच्या विरोधात मतं देणारी होती, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. कायदा रीतसर बहुमतानं झाला होता.

प्रकरण तीन न्यायाधीशांपुढे गेलं. दोन विरुद्ध एक असा निकाल लागला. कायदा रद्द. निकाल बाईंनी लिहिला होता.

सरांनी मला कोर्टात फोन करून ही बातमी सांगितली तेव्हा ते इतक्या मोठ्यानं बोलत होते की माझ्या अशिलाला वाटलं, आमचीच केस जिंकली. "धरलं बग पोरी! तिकडंबी धरलं!"

चौथ्या दिवशी दुपारी मी युक्तिवाद संपवून बाहेर आले तर सर कोर्टाच्या पायऱ्यांवर बसलेले. ऊन मी म्हणत होतं. डोक्यावर काही नाही, मांडीवर छापील कागदांचा गठ्ठा. लोक त्यांना वळसा घालून चढत-उतरत होते.

"सर?"

"कोर्टाला कुलूप घातलंय," ते म्हणाले. "फौज आणून. बाईंना घरात डांबलंय. फोन लागंना. जो जज विरोधात होता त्येला मुख्य केलंय, पण बसायला कोर्टच न्हाय."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. ज्या बाईनं माझा दंड धरला होता, तिच्या दाराशी आता बंदुका होत्या. हे माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं. बातम्यांमध्ये असं वाचतो आपण. ओळखीच्या माणसाचं असं होत नाही.

सरांनी गठ्ठ्यातलं शेवटचं पान माझ्यापुढे धरलं. निकालपत्र आलं तसं त्यांनी नेहमीप्रमाणे विरोधी मत आधी उघडलं होतं. त्यात एक परिच्छेद होता. अर्थ असा: हे कलम आमच्या लोकांनी मागितलेलं नाही. एका परदेशी अध्यापकाच्या आग्रहावरून ते घातलं गेलं. ते वापरणं म्हणजे या न्यायालयाचा शेवट ओढवून घेणं आहे.

"हे तुमच्याबद्दल आहे?" मी विचारलं.

"व्हय. आणि त्यो खरं बोलतोय."

"सर, काहीतरीच."

"ऐक. बाई तिकडं मला म्हणाल्या हुत्या. म्हणाल्या, प्रोफेसर, एकदम एवढा अधिकार नको. पहिली धा वर्षं कोर्टानं नुसतं सांगावं, ह्यो कायदा घटनेत बसत न्हाय, आणि दुरुस्ती संसदेवर सोडावी. तवर लोकांस्नी सवय हुईल, आमास्नीबी हुईल. काही देशांत तसं हाय. मी म्हटलं, अर्धंमुर्धं काय करायचं न्हाय. आमच्याकडं चाललं, तुमच्याकडं का चालू नये? घाबरू नका." सरांचा आवाज फाटला. "घाबरू नका म्हटलं मी तिला! फांदी घिऊन गेलतो मी. मूळ बगितलंच न्हाय."

आणि सर रडायला लागले. भर दुपारी, वकील, पक्षकार, पोलीस सगळे येत-जात असताना, चष्मा न काढता. मी त्यांना त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला त्या क्षणी त्यांची दया आली नाही. राग आला. ज्या माणसानं मला आठवडाभर एका चुकीच्या निकालाचं ओझं वाहायला लावलं, त्यानं एवढं साधं ऐकून घेऊ नये?

मी म्हणाले, "सर, तुम्ही तिथं चार महिने होतात. त्यांना तिथंच राहायचं होतं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. कागद गोळा केले, उठले आणि उन्हातून चालत गेले. ते वाक्य तोंडून गेलं ते गेलं. आजही कधी कोर्टाच्या पायऱ्या चढताना ते आठवलं की माझा पाय अडतो.

त्यानंतर सर मिटले. कॉलेजातले अधूनमधूनचे तास बंद केले. मिसळवाल्याकडे जाणं बंद. काकूंचा फोन यायचा, "जेवायला बसत्यात आणि हात ताटात तसाच. ह्या माणसाला कुणीतरी समजावा की." सर फक्त एक काम करायचे. दर आठवड्याला त्या देशाच्या सरकारला एक पत्र लिहायचे. बाईंना सोडा, शिक्षा करायची तर मला करा. उत्तर एकाही पत्राला आलं नाही. त्यांनी तिकडे जाण्यासाठी अर्ज केला. त्याला मात्र दोन ओळींचं उत्तर आलं: या नावाच्या व्यक्तीला प्रवेश नाही.

वर्षभरानं बाईंची नजरकैद सैल झाली. घराबाहेर पडायचं नाही, पण फोन परत मिळाला. त्यांनी पहिल्या काही फोनांपैकी एक सरांना केला. मी तिथंच होते. सरांनी हे बोलणं कितीतरी दिवस आधी कागदावर लिहून ठेवलं होतं. फोन माझ्या हातात देऊन स्पीकर लावायला सांगितला, खुर्चीतून उठून उभे राहिले आणि वाचायला लागले. शुद्ध, घोटीव इंग्रजी. मी आपली क्षमा मागतो. आपला इशारा मी ऐकला नाही. आपल्यावर जे ओढवलं त्याला सर्वस्वी मी जबाबदार आहे.

"प्रोफेसर," बाईंनी मध्येच थांबवलं. "तो कागद खाली ठेवा."

सरांनी ठेवला.

"कलम तुम्ही दिलंत. आमच्या समितीनं मत देऊन ते घेतलं. माझा हातही वर होता. आणि निकाल मी लिहिला. नोकरी गेली, कोर्ट गेलं, माझ्याच घराच्या दाराबाहेर पाय टाकता येत नाही. माझं म्हणावं असं आता तेवढं एक निकालपत्र उरलंय. तेही तुम्ही स्वतःच्या नावावर करून घेणार?"

स्वयंपाकघरातून काकूंनी विचारलं, "काय म्हणत्यात ओ?" मी मराठीत सांगितलं. काकू पदराला हात पुसत दारात आल्या, सरांकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "बरोबर बोलली की बाई."

सर मटकन खाली बसले. त्या संध्याकाळी ते दोन भाकरी जेवले, असं काकूंनी दुसऱ्या दिवशी कळवलं.

मग त्यांनी ते सगळं निकालपत्र मराठीत आणायला घेतलं. या वेळी पहिल्या पानापासून. दीड-दोन महिने लागले. कॉलेजला निरोप धाडला की एक तास घेतो. मलाही ये म्हणाले.

वर्ग भरला होता. सरांनी काही प्रस्तावना केली नाही. नुसतं वाचलं. होडीत राहणारा माणूस हासुद्धा देशातच राहतो, असं एक वाक्य त्यात होतं. ते वाचताना त्यांना दोनदा थांबावं लागलं. वाचून झालं तेव्हा पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला.

"सर, मग सरकारनं हे मानलं?"

"न्हाय."

"लोकांना मतं देता आली?"

"न्हाय. कोर्ट बंद हाय."

मुलगी गोंधळली. "म्हणजे जजबाईंना माहीत असणार की असं होऊ शकतं. मग त्यांनी कशाला दिला असला निकाल? उपयोग काय झाला?"

मी सरांकडे बघितलं. कुठल्याही प्रश्नाला उलटा प्रश्न टाकणारे आमचे सर हातातले कागद चाळत राहिले. मग म्हणाले, "मला म्हाईत न्हाय. तिलाच इचारूया." आणि मला म्हणाले, "लाव फोन."

वर्गातून फोन लावायचा हे माझ्या कल्पनेतही नव्हतं. पण लागला, आणि बाईंनी उचलला. मी स्पीकर लावून प्रश्न सांगितला. आवाज मध्येच तुटत होता, म्हणून सर म्हणाले, "वाक्यावाक्याला थांब आणि पोरांस्नी मराठीत सांग."

बाई म्हणाल्या, "त्या प्रकरणाच्या पहिल्याच सकाळी एक मच्छीमार आला होता. वकील नव्हता. यादीत नाव परत घालावं असा अर्ज त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलेला, अर्ध्या पानाचा. पण त्यात कलमाचा आकडा घातला होता. त्याच्या मुलीनं शाळेच्या पुस्तकातून तो शोधून दिला होता. तो आकडा घटनेतच नसता तर मी त्याला म्हणू शकले असते, बाबा, कोर्टाला हा अधिकार नाही, घरी जा. खोटं कशाला सांगू, तसं म्हणायची मला फार इच्छा होती. पण आकडा होता."

मी वर्गाला सांगितलं. सरांनी टेबलाची कड धरली होती.

"त्या माणसाचं पुढं काय झालं?" त्यांनी मला विचारायला सांगितलं.

"तो येतो ना अजून," बाई म्हणाल्या. "माझं घर कोर्टाच्या समोरच आहे. मला गॅलरीतून दिसतो, बोललेलं ऐकूही येतं. बाजाराच्या दिवशी मासळी विकून झाली की येतो आणि कुलूप लावलेल्या दारापुढे बसतो. शिपाई हाकलतात. पुढच्या बाजाराला परत येतो. मागच्या वेळी त्यांनी त्याला विचारलं, तुला अजून काय पाहिजे?"

आणि त्यानं काय उत्तर दिलं ते बाईंनी सांगितलं.

ते वर्गाला मराठीत सांगायचं काम माझं होतं. मी सरांकडे वळले. मुलं माझ्याकडे बघत राहिली. शेवटी सरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि तेच म्हणाले,

"त्यो म्हणतोय, मी केस जिकलोय. माझं नाव लिवा."